ओळ झेलणारी

आये, तू गेलीस तेव्हा मी कॉलेजात होते आणि जपान मला फक्त भूगोलाच्या पुस्तकातला माहीत होता. आता मी त्या लोकांची भाषा बोलते आणि आपलं निम्मं घर त्यावर चालतं. बोलते म्हणजे नक्की काय करते, तेच तुला सांगायला बसलेय. दुसऱ्या कोणाला सांगितलं तर म्हणतील, एवढं शिकलीस, साहेबांच्या शेजारी उभी राहतेस, वर आणि रडतेस कशाला? तू तसं म्हणू शकणार नाहीस, कारण या सगळ्या भानगडीचं मूळ तुझ्यापाशी आहे. खरं सांगायचं तर मी आज तुझ्याशी भांडायलाच बसलेय. भांडण शेवटपर्यंत टिकेल की नाही, माहीत नाही.

गाव सोडून आम्ही दोघं भावंडं भिसेगावात राहायला आलो त्याला बरीच वर्षं झाली. दोन खोल्या आहेत, वर पत्रा नाही, स्लॅब आहे. तुला आवडलं असतं. धाकटा आणि मी खोपोलीच्या बाजूला एकाच कारखान्यात जातो. तो पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर ऑपरेटर, मी ऑफिसात. सकाळी 'चार फाटा' म्हणतात त्या नाक्यावरून कंपनीची बस पकडायची, तो मागे मित्रांत, मी पुढे बायकांत. कारखाना जपानी लोकांचा, गाड्यांचे पत्र्याचे भाग होतात तिथे. मी लागले ती बिलं कॉम्प्युटरवर चढवायला. मग कंपनीने कामानंतर जपानी शिकवायला एक बाई आणल्या. चहा-बिस्किटं मिळायची म्हणून सुरुवातीला सगळेच बसले. एकेक जण गळत गेला, मी राहिले. मला ते जमत होतं. बाई एक वाक्य म्हणायच्या आणि मी ते जसंच्या तसं परत द्यायची, त्यांच्या श्वासासकट. बाई म्हणाल्या, तुझ्या कानात काहीतरी आहे. मी म्हटलं, आहे खरं. काय आहे ते सांगितलं नाही.

त्याच सुमाराला तिकडून एक म्हातारे मशीनवाले आले. आडनाव इतकं लांबलचक की पोरांनी ते सोडूनच दिलं, आणि नावापुढे मानाने जोडतात तो 'सान' तेवढा ठेवला. शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळे त्यांना नुसतं 'सान' म्हणतात. त्यांनाही त्याची सवय झालीय. सान तिकडच्या कुठल्या तरी खेड्यातले. आपण 'आहे'ला 'हाय' म्हणतो आणि पुण्याचा माणूस आपल्याकडे वळून बघतो ना, तसं त्यांचं. बाईंचं जपानी म्हणजे रेडिओवरच्या बातम्या आणि सानचं म्हणजे बांधावर उभं राहून मारलेली हाळी. पहिल्याच दिवशी ते काहीतरी बोलले, आणि त्या वाक्याचं शेपूट माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडलं, त्यांच्याच हेलात. सान थबकले. मग एवढे हसले की सगळा कारखाना बघायला लागला. त्यांना वाटलं, या मुलुखात आपल्या गावची पोर भेटली. आधीचा दुभाष्या पुण्याला चांगली नोकरी लागून निघून गेला होता. मॅनेजरने मला बिलांवरून उचललं आणि सानच्या शेजारी उभं केलं. आणि मला, आये, त्यांचं काही म्हणजे काही कळत नव्हतं.

तू धवलारीण होतीस. आता कंपनीतल्या मुलींना हा शब्द सांगितला तर त्या विचारतात, म्हणजे काय गं? म्हणजे आपल्याकडच्या लग्नात देवकापासून हळदीपर्यंत प्रत्येक विधीला धवले गाणारी बाई. भटजी मंगलाष्टकांपुरता, बाकीचं लग्न तुझ्या गळ्यावर उभं. आबा गेल्यावर तुझ्या कपाळाला कुंकू राहिलं नाही, तरी तुझा आवाज लागल्याशिवाय कुठल्या नवरीला हळद लागत नव्हती. चौकपासून खालापूरपर्यंत कुठल्या कुठल्या मांडवात बसलोय आपण. तू ओळ सोडायचीस आणि मागे बसून तिचं शेपूट मी उचलायचं, ते हवेत असतानाच तू पुढची ओळ सोडायचीस. याला आपण झेलणं म्हणायचो. मी तेव्हा दुसरी-तिसरीत असेन. धवल्यांतले शब्द कुठल्या काळचे, देव जाणे. अर्ध्याहून जास्त मला कळायचे नाहीत. पण झेलायला कळावं लागतच नाही. कान उघडा हवा, गळा तयार हवा, मधे डोकं नको.

एकदा मी विचारलं होतं. तू चुलीपुढे बसून तांदळाची भाकरी थापत होतीस, मी लाकडं सारत होते. हळदीच्या धवल्यात एक शब्द सारखा यायचा, त्याचा अर्थ काय म्हणून विचारलं. तुझा हात परातीत थांबला. मग तू तव्याकडे बघत म्हणालीस, "इचारू नको. झेल. अर्थ इचारीत बसलो तर हळद लागंल कवा?" मी पुन्हा विचारलं तर पिठाच्या हाताने पाठीत धपाटा मिळाला. फ्रॉकवर तुझी पाचही बोटं पांढरी उठली होती. तुझी भाकरी कधी करपली नाही, पण ती करपली. मला वाटलं, तू माझ्यावर चिडलीस म्हणून.

आणि लोधिवलीचं ते लग्न. तुला आदल्या दिवसापासून ताप होता, पण शब्द दिलेला, जावंच लागलं. नवरीला पाटावर बसवलं, हळदीच्या वाट्या आल्या, तू सुरुवात केलीस आणि चार ओळींनंतर तुझा आवाज बसला. नुसती हवा यायला लागली. मांडव माझ्याकडे बघतोय. मला पुढची ओळ येत नव्हती. मी बसल्या जागेवरून चाल उचलली आणि जे तोंडाला येईल ते गायले. शब्द नव्हतेच ते, नुसते आवाज, धवल्यासारखे वाटणारे. मधे देवाचं नाव, मधे नवरीच्या बापाचं. कोणाला काही कळलं नाही. नवरीची मावशी डोळे पुसत होती. परत येताना टेंपोत तू मला जवळ ओढलंस, ओटीत आलेला खण माझ्या मांडीवर ठेवलास आणि बसलेल्या आवाजात म्हणालीस, "कळलं नाय तरी चालतंय गं. तुटलं नाय पायजे." त्या खणाचं मी परकरावरचं पोलकं शिवून घेतलं. एवढी मोठी शाबासकी मला नंतर कोणीच दिली नाही.

तेच करत आलेय मी. सान बोलतात, मी शेपूट झेलते. जपानी माणसाशी बोलताना मधे मधे हुंकार द्यावाच लागतो, नाही दिला तर ते थांबून बघत राहतात. हुंकार द्यायला तर मी मांडवातच शिकले होते. एखाद-दुसरा शब्द पकडायचा, मशीनकडे बघायचं, त्यांच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधायचा आणि पोरांना मराठीत काहीतरी ठोकून द्यायचं. बहुतेक वेळा जमून जायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. मॅनेजर पाहुण्यांना सांगायचा, आमची मुलगी त्यांच्यातल्यासारखी बोलते. आणि मी हसायची. हसताना आतून मला घाम फुटलेला असायचा.

अगदीच हातावर हात ठेवून बसले नव्हते गं. बाई सांगायच्या, शब्द वाढव, हजारांनी वाढव, म्हणजे बोलणं कळायला लागेल. तुझ्या ट्रंकेत लोकांनी दिलेल्या लग्नपत्रिका होत्या, तुला वाचता येत नव्हतं तरी तू एकही टाकली नव्हतीस. त्या मी कापल्या. कोऱ्या बाजूला जपानी शब्द, छापील बाजूला जागा मिळेल तिथे मराठी अर्थ. एका चिठ्ठीवर गणपतीची अर्धी सोंड, तिच्याखाली 'गंज चढणे'. दुसरीवर कुठल्या तरी मामाचं नाव, शेजारी 'उत्पादन'. रोज बसमध्ये त्या पिसायच्या आणि पाठ करायच्या. परीक्षेत पासही झाले. पण सान बोलायला लागले की तेच शब्द, थांब्यावर न थांबता एसटी जावी तसे समोरून निघून जायचे. हात दाखवेपर्यंत धुरळा. शिवाय सान पुस्तकातले शब्द वापरतच नाहीत. आपल्याकडे दार करकरतं, पोट गुडगुडतं, जीव धाकधूक करतो, तसले शब्द त्यांच्याकडे पोत्याने आहेत आणि मशीनचं सगळं दुखणं ते त्यातच सांगतात. ते शब्द ना बाईंनी शिकवले ना परीक्षेत आले. आणि विचारायचं कसं? ज्याला कळतं असं सगळ्यांना वाटतंय त्याने विचारायचं कसं? पहिल्या आठवड्यात विचारलं असतं तर खपून गेलं असतं. आता प्रत्येक दिवसागणिक ते अवघड झालं होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

त्यात जपान. तिकडच्या मोठ्या कारखान्यात वर्षभर शिकायला एक माणूस पाठवायचा होता. माझंच नाव पक्कं धरलं होतं, फक्त सानचं हो बाकी होतं, ते सोमवारी कळणार होतं. धाकट्याने खोपोलीच्या बाजारातून चाकांची बॅग आणली, लाल. गावात सगळ्यांना सांगून आला, आमची ताय इमानात बसणार. मला वाटायचं, तिथे गेले की रात्रंदिवस कानावर पडेल, मग तरी कळेल, आणि इथे कोणाला काही समजायच्या आत माझं खोटं खरं होऊन जाईल. तेवढीच एक वाट दिसत होती.

शनिवारी सान नव्या प्रेसपाशी उभे होते. नवी म्हणजे आमच्याकडे नवी, तिकडे वापरलेली. सोमवारी पहिल्या पाळीला ती चालू होणार होती आणि तिच्यावर धाकटा उभा राहणार होता. सान मशीनवर हात ठेवून बराच वेळ बोलले. हसले नाहीत. मी झेलत होते. 'बंद' कळलं, 'नंतर' कळलं, 'हात' कळलं. मधे एक शब्द त्यांनी दोन-तीनदा दाबून म्हटला, झुरुझुरु. शेवटी म्हणाले, हे सगळं पोरांना नीट सांग. ते बरोबर कळलं. मी वळले आणि पोरांना म्हटलं, सान म्हणतात, मशीन बंद करताना सांभाळून. पोरांनी माना डोलावल्या. धाकट्यानेही डोलावली. सानने समाधानाने मानेवरचा घाम पुसला आणि चहाला गेले.

रविवार मी कसा काढला, ते माझं मला माहीत. त्यांचं सगळं बोलणं माझ्या गळ्यात होतं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मधल्या खाकरण्यासकट. ही तुझी देणगी. एक अक्षर सांडलेलं नाही आणि एक वाक्य कळलेलं नाही. मोबाइलवर शब्दकोश उघडून झुरुझुरु शोधलं. शेवया भुरकण्याचा आवाज. वाहणारं नाक. जमिनीवरून फरफटणारं कापड. लांबत जाणारं काम. मशीनचं नाक वाहतंय का आता? बाकीची क्रियापदं सानच्या गावची, ती कुठल्याच कोशात नाहीत. त्यांना फोन करता आला असता. दोनदा नंबर काढला आणि ठेवून दिला. विचारलं असतं तर ते म्हणाले असते, मग काल पोरांना काय सांगितलंस? धाकटा पलीकडे बसून सोमवारचे बूट पुसत होता, शीळ घालत. मी त्याच्या हातांकडे बघत होते. तुझ्यासारखीच लांब बोटं आहेत त्याची. त्याला सांगावं म्हणून तोंड उघडलं आणि म्हटलं, चहा टाकू का?

सोमवारी पाळीच्या आधी सगळे ओळीत उभे राहतात, हातपाय हलवतात, मग सूचना होतात. मॅनेजर आला होता. सान पुढे आले आणि थोडंसं बोलून माझ्याकडे वळले. शनिवारचं पुन्हा एकदा सगळ्यांना सांग, म्हणून. धाकटा पहिल्या ओळीत, नवे हातमोजे घालून. आये, मला पुन्हा 'सांभाळून' म्हणता आलं असतं. ते तोंडात तयार होतं. सगळे वाट बघत होते, आणि मांडवासारखी ती शांतता, जिच्यात आता आवाज उचललाच पाहिजे. मी उचलला नाही. तुटू दिलं. कोणीतरी खोकलं. मॅनेजर घड्याळाकडे बघायला लागला.

मग मी सानकडे वळून त्यांचं शनिवारचं बोलणं सगळंच्या सगळं त्यांना परत म्हणून दाखवलं, त्यांच्या हेलात, खाकरण्यासकट. पोरांना वाटलं, काय फाडफाड बोलते ही. सानचा चेहरा आधी हसरा होता, मग नव्हता. शेवटी मी बाईंनी अगदी पहिल्या दिवशी शिकवलेलं आणि मी आजवर एकदाही न वापरलेलं वाक्य म्हटलं, "मला कळलं नाही." मला म्हणता येतं, पण मला कळलेलं नाही.

सान माझ्याकडे बघत राहिले. रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते प्रेसपाशी गेले, आपल्या हातातला मोजा काढला, बोटं नीट पसरून खालच्या साच्यावर ठेवला. मशीन चालू केली आणि लगेच बटण दाबून बंद केली. वरचा लोखंडी ठोकळा मधेच थांबला. सगळ्यांना वाटलं, झालं. आणि मग तो हळूहळू, आवाज न करता, खाली घसरायला लागला, वितीभर, आणखी थोडा, आणि मोज्याच्या बोटांवर जाऊन बसला. सान म्हणाले, झुरुझुरु. मी पोरांकडे वळून सांगितलं, बंद केल्यावर पण हा खाली घसरतो. मधे लोखंडी टेकू लावल्याशिवाय कोणी हात घालायचा नाही. मॅनेजरने ती मशीन तिथेच थांबवली, ब्रेक दुरुस्त होईपर्यंत.

जेवणाच्या सुट्टीत धाकटा माझ्यासमोर येऊन बसला. कधी बसत नाही. डबा उघडला नाही. म्हणाला, "ताय, मंग शनवारी आमाला काय सांगितलंस तू?" मी म्हटलं, कळलं तेवढं. तो म्हणाला, "तुला कळलं नव्हतं." मग त्याने डबा उघडला आणि त्यातली निम्मी भाजी माझ्याकडे सरकवली. मला त्या घासाने ठसका लागला.

दुपारी मॅनेजरच्या केबिनमध्ये सान आणि मी. जपानला जायच्या नावाचा विषय. सान बोलायला लागले, नेहमीच्याच वेगाने, नेहमीच्याच गावठी बोलीत, माझ्याकडे न बघता. आणि आये, मला कळायला लागलं. शब्द शोधावे लागले नाहीत, अंदाज बांधावा लागला नाही. कोणी आपल्या ओट्यावर बसून बोलावं तसं सरळ आत आलं. या मुलीचा कान चांगला आहे, जीभ चांगली आहे. पण बोलणं आत पोचत नाही. तिकडे पाठवली तर सगळे फसतील, ती पण फसेल. यंदा नको. अजून नाही. 'अजून नाही' हे शेवटचं, आणि सवयीने मी ते शेपूट झेललं, त्यांच्याच हेलात. सानने तेव्हा माझ्याकडे पाहिलं.

मॅनेजरला जपानीचं अक्षर येत नाही. तो पेन घेऊन वाट बघत होता. मी काहीही सांगू शकले असते. ती लाल बॅग माझ्या डोळ्यांसमोर होती, आणि लोधिवलीचा मांडवही. मी सगळं सांगितलं, एक शब्द मऊ न करता. मॅनेजर चक्रावला. म्हणाला, "नक्की असंच म्हणाले? तू नीट ऐकलंस ना?" मी म्हटलं, "हो सर. नीट कळलं मला."

आता आठवडा उलटला. सकाळी पाळीआधी सान मला मशीनपाशी बोलावतात, काहीतरी हलवून दाखवतात, शब्द म्हणतात आणि माझ्या तोंडाकडे बघत राहतात. झेलले तर मान हलवतात, नाही म्हणून. मला मराठीत सांगावं लागतं, डगमगतंय, किंवा चिकटलंय, किंवा आत पोकळ आहे. त्यांना मराठी येत नाही, पण माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळतं. फार हळू चाललंय. एखाद्या दिवशी एकच चिठ्ठी होते. मी अजून तिथेच अडकलेली आहे, त्याच बसमध्ये, त्याच कारखान्यात, फक्त आता सगळ्यांना माहीत आहे.

रविवारी पत्रिका कापताना तुझा तो हळदीच्या धवल्यातला शब्द आठवला. त्याचीही एक चिठ्ठी केली. कोऱ्या बाजूला शब्द लिहिला, आणि पलटून अर्थ लिहायला गेले तर काय लिहू? तेव्हा कुठे मला ती करपलेली भाकरी कळली. तुलाही माहीत नव्हतं. तुझ्या आयने तुलाही तसाच धपाटा घातला असणार. सगळा मांडव तुझ्याकडे बघत असायचा आणि तूही आतून घामाने भिजत गात असशील, वर्षानुवर्षं, आणि सांगायला घरात कोणी नव्हतं, एक मी होते तर मला खण दिलास. मला तुझा फार राग येणार होता. आता रडूच येतंय, म्हणजे भांडण संपलंच.

हे तुला पाठवायचं कुठे, आणि वाचून कोण दाखवणार तुला? पलंगाखालच्या लाल बॅगेत चिठ्ठ्या ठेवते, त्यातच हेही ठेवीन. बॅग अजून तिथेच आहे, कारण केबिनमधलं मी मॅनेजरला शब्दन् शब्द सांगितलं, पण धाकट्याला सांगितलेलं नाही. तो रोज विचारतो, ताय, इमानाचं काय झालं? आणि मी म्हणते, सान बोलतील.